मेम्ब्रेन ताणली की बॅक्टेरियाचं चॅनल उघडतं कसं: जरा लांबलचक उत्तर

मायक्रोबायोलॉजीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ई. कोलायला ना मेंदू ना नस, मग पेशी फुगायला लागली हे तिच्या मेम्ब्रेनमधल्या (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातल्या) चॅनलला, म्हणजे आयन जाऊ देणाऱ्या प्रोटीनच्या भोकाला, कळतं कसं? पुस्तकात "प्रेशर सेन्सिटिव्ह चॅनल" म्हटलंय, म्हणजे दाब मोजणारा काही वेगळा भाग त्या प्रोटीनमध्ये असतो का? की ते सेल वॉलला कुठल्यातरी तंतूने बांधलेलं असतं आणि वॉल ताणली की तंतू ओढला जातो? आणि कॉलेजात पॅच क्लॅम्प (काचेच्या बारीक पिपेटने मेम्ब्रेनचा तुकडा पकडून चॅनलमधून जाणारा करंट मोजायचं तंत्र) नाहीये, तर यातलं काही स्वतः करून बघता येईल का?

मी बरीच वर्षं याच चॅनल्सवर पॅच क्लॅम्प करतेय, त्यामुळे हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण त्यात जो तंतूचा मुद्दा काढलाय त्यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलंय. थेट उत्तर आधी देते: चॅनलला कोणी काही सांगत नाही, तंतू वगैरे नाही, दाब मोजणारा वेगळा भागही नाही. चॅनल ज्या लिपिड्समध्ये, म्हणजे मेम्ब्रेन बनवणाऱ्या तेलकट रेणूंमध्ये, बसलेलं असतं ती लिपिड्सच त्याला ओढतात. मेम्ब्रेन ढिली असताना बंद आकारात राहणं स्वस्त पडतं, मेम्ब्रेन ताणली की उघडा आकार स्वस्त होतो, बस. बाकी सगळं उत्तर म्हणजे हे "स्वस्त" किती आणि का याचा हिशोब आहे, आणि तो हिशोब खरंच सुंदर आहे म्हणून नीट करूया.

आधी जिवावर काय बेतलेलं असतं ते बघा. बॅक्टेरियाच्या आत पोटॅशियम, ग्लुटामेट, प्रोलीन, बीटेन, ट्रेहॅलोज असा भरपूर माल कोंबलेला असतो, आणि बाहेर जेवढं खारट तेवढा आतला माल जास्त, कारण नाहीतर पाणी बाहेर जाऊन पेशी सुकेल. आता अशी पेशी शेणात किंवा सुकत आलेल्या डबक्यात बसलीये आणि जूनचा पहिला पाऊस आला. किंवा आपल्या कोकणातली, उरण-पालघरकडची मिठागरं घ्या, मे महिन्यात तिथलं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं आणि त्यावर धो धो गोडं पाणी पडतं. बाहेरचं पाणी एकदम पातळ झालं, आतला माल तसाच, मग पाणी सुसाट आत घुसतं. किती जोराने? आत-बाहेर लिटरला एक ऑस्मोलचा (विरघळलेल्या कणांचा एक मोल) फरक पडला तर त्याचा दाब साधारण २५ ॲटमॉस्फिअर होतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच असतो, म्हणजे त्याच्या दहापट, आणि तो पेलायला काय आहे तर काही नॅनोमीटर जाडीची पेप्टिडोग्लायकनची वॉल. जीन चालू करा, प्रोटीन बनवा, पंप लावा असल्या गोष्टींना वेळच नसतो, पेशी सेकंदाच्या आत फुगायला लागते. त्यामुळे जे काही करायचं ते आधीपासून मेम्ब्रेनमध्ये बसलेल्या प्रोटीनने, मिलिसेकंदांत, एटीपी (पेशीचं इंधन) न वापरता करायचं असतं.

आता "प्रेशर" शब्दाबद्दल. पुस्तकं तो सवयीने वापरतात, १९८७ च्या मूळ पेपरच्या शीर्षकातही तोच आहे, पण चॅनलला लागतो तो ताण, आणि दाब आणि ताण यांच्यामध्ये त्रिज्या येते. लाप्लासचा नियम शाळेत झाला असेल: गोळ्यासाठी ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन, आणि दंडगोलाच्या घेरासाठी दाब गुणिले त्रिज्या. ई. कोलायची त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर धरा, आतला नेहमीचा दाब साधा एक ॲटमॉस्फिअर धरा, गुणाकार येतो मीटरला ५० मिलीन्यूटन. लिपिडची मेम्ब्रेन दहा-पंधराच्या आसपास, फार तर त्याच्या थोडं वर, फाटते. म्हणजे हा सगळा ताण मेम्ब्रेनवर आला असता तर एकही ई. कोलाय जिवंत दिसला नसता! तो ताण वॉल घेते, मेम्ब्रेन आतून वॉलला टेकून बऱ्यापैकी आरामात असते. म्हणून रोजच्या वाढीत ही चॅनल्स बंद राहतात. शॉक बसला, म्हणजे बाहेरचं पाणी अचानक पातळ झालं, की वॉल स्वतः थोडी ताणते, मेम्ब्रेनमध्ये जी काही ढील असते ती संपते, आणि मग ताण खरोखर लिपिड्सवर येतो, आणि चॅनलची वेळ तिथे सुरू होते.

हे कळलं कसं ते सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट प्रयोगाशिवाय अर्धी राहते. १९८० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसनला चिंग कुंग यांच्या लॅबमध्ये बोरिस मार्टिनाक वगैरे मंडळींनी ठरवलं की ई. कोलायवर पॅच क्लॅम्प करायचा. अडचण साधी होती, पेशी एक-दोन मायक्रोमीटरची आणि काचेच्या पिपेटचं टोकच जवळपास एक मायक्रोमीटरचं. त्यावरची युक्ती आम्ही आजही तशीच वापरतो. पेशी सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक घालून वाढवायच्या, म्हणजे त्या वाढतात पण दुभंगत नाहीत, दीड-दोन तासांत मायक्रोस्कोपखाली लांबच लांब धागे वळवळताना दिसतात, लॅबमध्ये त्यांना "स्नेक" म्हणतात. मग लायसोझाईम आणि ईडीटीए घालून त्यांची वॉल पचवायची. आता वॉल नाही म्हटल्यावर धागा धागा राहत नाही, हळूहळू मध्ये फुगवटा येतो आणि अख्खी लांबी एका गोल गोळ्यात गोळा होते, पाच-सहा मायक्रोमीटरचा स्फेरोप्लास्ट. वेळेवर मॅग्नेशियम घालून हे थांबवावं लागतं, इथे घाई किंवा आळस केला की सगळ्या पेशी फुटून नुसता चिकट डीएनए उरतो. बॅच चांगली उतरली तर स्फेरोप्लास्ट काचेसारखे स्वच्छ दिसतात, आत काळे कण दिसले तर मी ती बॅच वापरत नाही.

मग पिपेट टेकवायची, हलकं शोषायचं, गिगाओहमचं सील (करंट गळणार नाही इतकी घट्ट पकड) बसलं की मेम्ब्रेनचा छोटा तुकडा पिपेटच्या टोकात आणि स्क्रीनवर सपाट रेष. आता सिरिंजने सक्शन वाढवत न्यायचं, मॅनोमीटरवर पाऱ्याचे मिलिमीटर बघत. काही काळ काहीच होत नाही. मग छोट्या पायऱ्या दिसायला लागतात, २० मिलिव्होल्टला २० पिकोअँपच्या आसपास, एक, दोन, पाच, मग मोजता येणार नाहीत इतक्या. ते एमएससीएस, म्हणजे लहान कंडक्टन्सचं (करंट जाऊ देण्याची क्षमता कमी असलेलं) चॅनल, साधारण १ नॅनोसिमेन्स. आणखी ओढलं की एकदम उंच पायरी, ६० पिकोअँप किंवा जास्त, ते एमएससीएल, मोठं चॅनल, साधारण ३ नॅनोसिमेन्स. (पुढे नुसतं एस आणि एल म्हणते.) ६० पिकोअँप म्हणजे एका प्रोटीनमधून सेकंदाला जवळपास ३७ कोटी आयन! न्यूरॉनमधल्या नेहमीच्या पोटॅशियम चॅनलच्या शंभरेकपट. आणखी थोडं ओढलं की पॅच फुटतो. हा क्रम, आधी एस, मग एल, मग फाटणं, प्रत्येक पॅचमध्ये तसाच येतो, आणि तो ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला त्याला ही दोन चॅनल्स पेशीत कशासाठी आहेत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दाब नाही तर ताण, याचा पुरावाही याच प्रयोगात आहे. एक, शोषून ओढा नाहीतर फुंकून ढकला, पॅच आत वाकला काय नि बाहेर वाकला काय, चॅनल्स दोन्हीकडे उघडतात. दोन, पिपेटगणिक पॅचची त्रिज्या बदलते आणि त्याबरोबर किती मिलिमीटरला चॅनल उघडतं तेही बदलतं, एकाच चॅनलला एका पॅचमध्ये ९० लागतात आणि दुसऱ्यात १५०. त्रिज्या दीड मायक्रोमीटर आणि दाब १०० मिलिमीटर धरला तर ताण बरोबर मीटरला १० मिलीन्यूटन येतो. रोजच्या कामात त्रिज्या मोजत बसणं शक्य नसतं म्हणून आम्ही एसलाच पट्टी म्हणून वापरतो: त्याच पॅचमध्ये एल किती दाबाला उघडलं भागिले एस किती दाबाला उघडलं. नॉर्मल पेशीत हे गुणोत्तर १.६ च्या आसपास येतं. एलचा म्यूटंट (जीनमध्ये बदल केलेला प्रकार) तपासताना नुसता मिलिमीटरचा आकडा कोणी दिला तर मी तो धरत नाही, गुणोत्तर मागते.

आता तंतूचा मुद्दा. कुंग यांच्याच लॅबमध्ये सर्गेई सुखारेव, पॉल ब्लाउंट आणि इतरांनी एक भयंकर चिकाटीचं काम केलं. मेम्ब्रेन डिटर्जंटमध्ये विरघळवली, कॉलममधून प्रोटीन्स वेगळी केली, प्रत्येक फ्रॅक्शन सोयाबीनच्या लिपिड्समध्ये पुन्हा बसवून पॅच क्लॅम्प केला, आणि ज्या फ्रॅक्शनमध्ये ती उंच पायरी दिसते त्याच्या मागे मागे जात राहिले. शेवटी एकच छोटं प्रोटीन हाती लागलं, १३६ अमिनो आम्लांचं, आणि १९९४ मध्ये त्याचा जीन नेचरमध्ये आला. तो जीन मोडला की मोठी पायरी गायब. आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक भाग हा की तेच प्रोटीन सशाच्या रेटिक्युलोसाइटच्या (कोवळ्या लाल रक्तपेशींच्या) अर्कात, म्हणजे बॅक्टेरियाच्या बाहेर बनवलं आणि लिपिडमध्ये बसवलं तरी ओढल्यावर उघडलं. तिथे ना वॉल, ना बॅक्टेरियाचं दुसरं कुठलं प्रोटीन. तंतू असता तर तो तिथे कुठून येणार? म्हणून या चॅनल्सच्या बाबतीत "फोर्स फ्रॉम लिपिड्स" असं म्हणतात, जोर लिपिडमधूनच येतो. आपल्या कानातल्या केसपेशींमध्ये तंतू खरोखर आहे, तिथे तो ओढला जातो, त्यामुळे तुमचा अंदाज हवेतला नव्हता, फक्त बॅक्टेरियाला लागू नाही.

आता हिशोब. मीटरला १० मिलीन्यूटन म्हणजेच प्रत्येक नॅनोमीटरवर १० पिकोन्यूटन. एल चॅनल बंद असतं तेव्हा मेम्ब्रेनमध्ये जेवढी जागा व्यापतं त्यापेक्षा उघडल्यावर जवळपास २० चौरस नॅनोमीटर जास्त व्यापतं. मेम्ब्रेन ताणलेली असताना कोणी आत जागा वाढवून दिली तर मेम्ब्रेनचा तेवढा ताण हलका होतो, आणि त्यातून मिळणारी ऊर्जा म्हणजे ताण गुणिले वाढलेलं क्षेत्रफळ: १० गुणिले २०, म्हणजे २०० पिकोन्यूटन-नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला उष्णतेची मूळ चिल्लर, ज्याला आपण केटी म्हणतो, ती ४.१ असते. म्हणजे साधारण ५० केटी. आणि बंद अवस्था उघडीपेक्षा किती जास्त स्थिर आहे हे मोजलं तर तेही ५० केटीच्या आसपासच येतं, म्हणून १० मिलीन्यूटनला पारडं समसमान होतं आणि अर्धी चॅनल्स उघडी सापडतात.

हा आकडा एवढा मोठा का, इथे थोडं थांबा, कारण सगळी हुशारी इथेच आहे. ताण शून्य असताना चॅनल चुकून उघडण्याची शक्यता ५० केटीच्या हिशोबाने एकावर एकवीस शून्यं मांडली तर त्यात एखाद्या वेळी. ताण निम्मा झाला तरी काही हजार कोटींत एक. नऊ मिलीन्यूटनला शे-दीडशेत एक, दहाला निम्मी, अकराला जवळजवळ सगळी. एवढं मोठं भोक पेशीला चुकूनही उघडं परवडणारं नाही, एकच चॅनल उघडं राहिलं तरी सगळं पोटॅशियम आणि मेम्ब्रेनवरचा व्होल्टेज गेला. आणि तरी गरज पडली की लगेच उघडायला हवं. दोन्ही गोष्टी एका क्षेत्रफळातून मिळतात: क्षेत्रफळातला फरक मोठा ठेवला की स्विच टोकदार होतो. (प्रत्यक्षात ग्राफ थोडा पसरट मिळतो, पॅचमधली सगळी चॅनल्स तंतोतंत एकसारखी वागत नाहीत.) एस चॅनलचं क्षेत्रफळ कमी वाढतं आणि ते साधारण पाच-सहा मिलीन्यूटनला, म्हणजे एलच्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त ताणालाच उघडतं.

पण लिपिड "ओढतात" म्हणजे नेमकं कुठे धरून ओढतात? मेम्ब्रेनच्या जाडीभर जोर सारखा नसतो. लिपिडचं डोकं जिथे संपतं आणि तेलकट शेपट्या सुरू होतात त्या पातळ थरात पाणी आणि तेल एकमेकांना नकोसे असतात, त्यामुळे तो थर सतत आखडायला बघतो, म्हणजे प्रोटीनला बाहेरच्या दिशेने ओढतो. मधल्या शेपट्या सतत वळवळत असतात, त्या उलट प्रोटीनला दाबतात. ढिल्या मेम्ब्रेनमध्ये दोन्हींची बेरीज शून्य, पण बेरीज शून्य म्हणजे जोर शून्य नव्हे, जागोजागी जोर आहेच. मेम्ब्रेन ताणली की हा समतोल बिघडतो, वर ती थोडी पातळही होते. एलच्या सुरुवातीचा भाग एक छोटं हेलिक्स (प्रोटीनची सर्पिल दांडी) बनून मेम्ब्रेनच्या आतल्या पृष्ठभागाला आडवं चिकटलेलं असतं, नेमकं त्याच ओढाओढीच्या थरात, आणि ते पुढे भोकाच्या भिंतीच्या हेलिक्सला जोडलेलं असतं. मेम्ब्रेन पसरली की आडवं हेलिक्स बाहेर सरकतं आणि भिंतीच्या हेलिक्सला कलतं करतं.

एदुआर्दो पेरोझो आणि मार्टिनाक यांच्या गटाने २००२ मध्ये याची छान परीक्षा घेतली. आखूड शेपटीची लिपिड्स वापरून मेम्ब्रेन पातळ केली तर एल उघडायला सोपं झालं पण आपोआप उघडलं नाही. पण मेम्ब्रेनच्या दोन थरांपैकी एकाच थरात लायसोलिपिड, म्हणजे एकच शेपटी असलेलं लिपिड, घातलं तर अजिबात न ओढता चॅनल उघडलं! म्हणजे नुसती जाडी नाही तर दोन थरांमधला जोराचा असमतोल जास्त महत्त्वाचा. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, क्लोरप्रोमाझीन या औषधासारखे मेम्ब्रेनच्या एका थरात घुसणारे रेणू ही चॅनल्स उघडतात हे मार्टिनाक, ॲडलर आणि कुंग यांनी दाखवलं होतं. चॅनलला हात न लावता नुसती लिपिड्स बदलून चॅनल उघडता येतं, यापेक्षा स्पष्ट उत्तर मला तरी माहीत नाही.

आकाराचं बोलायचं तर एलची पहिली रचना १९९८ मध्ये कॅलटेकमधल्या डग्लस रीस यांच्या लॅबमधून आली, आणि ती टीबीच्या जंतूच्या एलची होती. पाच सारखे तुकडे गोलात उभे, प्रत्येकाची दोन हेलिक्स मेम्ब्रेनमधून आरपार. सगळ्यात अरुंद जागी पाणी न आवडणारी अमिनो आम्लं, ई. कोलायच्या एलमध्ये १९ नंबरचं ल्युसीन आणि २३ नंबरचं व्हॅलीन. उघडताना हेलिक्स कलतात, एकमेकांवरून सरकतात आणि भोक अडीच-तीन नॅनोमीटर होतं. तिथेच २२ नंबरचं ग्लायसीन बदलून चार्ज असलेलं अस्पार्टेट टाकलं तर पाणी सहज आत शिरतं, चॅनल कमी ताणाला उघडतं आणि पेशी गळायला लागते, वाढ खुंटते. एसची रचना २००२ मध्ये त्याच लॅबने दिली: सात तुकडे, आणि खाली पेशीच्या आत लोंबणारा मोठा पोकळ पिंजरा, बाजूला सात खिडक्या असलेला. त्याच्या भोकात १०५ आणि १०९ नंबरची ल्युसीन बसलेली असतात, बंद असताना भोक अगदीच बुजलेलं नसतं, पण इतकं तेलकट असतं की पाणीच आत टिकत नाही, आणि पाणी नाही तर आयनही नाही.

एसच्या बाबतीत अलीकडचं काम मला फारच आवडतं. क्रायो-ईएममध्ये (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत) आता लिपिड्सचे रेणू चॅनलच्या सांदीत बसलेले दिसतात. थॉमस वॉल्झ यांच्या गटाने २०२१ मध्ये नॅनोडिस्कमधून (चॅनल बसवलेल्या मेम्ब्रेनच्या इवल्या चकतीतून) लिपिड्स धरून ठेवणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनने लिपिड्स काढून घेतली, म्हणजे उरलेल्या मेम्ब्रेनवर ताण आला, आणि मग चॅनलचे फोटो घेतले. त्यातून दिसलं की काही लिपिड्स बंद आकाराला पकडून ठेवतात, ताण आला की ती निघून जातात आणि चॅनल उघडतं. आणि तुकड्यांच्या मधल्या खोबणीत वेगळी लिपिड्स असतात, ती लगेच नाही जात, ताण बराच वेळ राहिला तर ओढली जातात, आणि मग चॅनल अर्धवट मिटून शेवटी सुन्न होतं, म्हणजे ताण असूनही उघडत नाही. पॅचमध्ये हे सुन्न होणं आम्ही कित्येक वर्षं रोज बघत होतो, सक्शन तेवढंच धरून ठेवलं तर एसचा करंट काही सेकंदांत खाली येतो, एलचा येत नाही. त्यामागे लिपिडचे ठराविक रेणू असू शकतात हे डोळ्यांनी दिसणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

सुन्न होण्याचा पेशीला फायदाही आहे. माल बाहेर टाकून दाब उतरला की पेशीला लगेच पोटॅशियम परत गोळा करायचं असतं, त्या वेळी मेम्ब्रेन थोडीफार ताणलेलीच असते, अशात एस उघडझाप करत राहिलं तर पंपाने आणलेलं सगळं पुन्हा गळून जाईल.

पेशीला ही चॅनल्स खरंच लागतात का, हे सिद्ध व्हायला मात्र १९९९ उजाडलं. नुसता एलचा जीन काढला तर पेशीला काहीच झालं नाही. मग स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला इयान बूथ यांच्या गटाने एसचा जीन शोधला आणि दोन्ही काढलेला म्यूटंट बनवला. तो खारट मीडियममधून पाण्यात टाकला की बहुतेक पेशी फुटून मरतात. एस किंवा एल, एक जरी असलं तरी पेशी वाचते. आणि मेम्ब्रेनमध्ये ही चॅनल्स चार-दोन नसतात, रॉब फिलिप्स यांच्या गटाने मोजलं तेव्हा मीडियमनुसार एका पेशीत एलची शेकडो चॅनल्स सापडली. ई. कोलायमध्ये एसच्या कुळातली आणखीही पाच चॅनल्स आहेत, पण शॉकमधून वाचवण्याचं बहुतेक ओझं या दोघांवरच.

हे सगळं ई. कोलायपुरतं नाही. अजिनोमोटोचं ग्लुटामेट ज्या कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकमकडून बनवून घेतात, तो बॅक्टेरिया ग्लुटामेट बाहेर टाकतो तेच मुळी एसच्या कुळातल्या एमएससीसीजी नावाच्या चॅनलमधून. फॅक्टरीत बायोटिन कमी ठेवतात, नाहीतर पेनिसिलिन किंवा ट्वीन (एक डिटर्जंट) घालतात, त्याने मेम्ब्रेन आणि वॉल बदलते आणि चॅनल उघडतं. दुसरं, स्ट्रेप्टोमायसिन पेशीत शिरतं कसं हे कोडं फार जुनं, ब्लाउंट यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की ई. कोलायमध्ये एल चॅनल असेल तर औषध जास्त चालतं, कारण ते एल उघडून त्यातूनच आत जातं. माणसात एल किंवा एस नाहीत, आपल्याकडे पीझो वगैरे वेगळी प्रोटीन्स आहेत, त्यामुळे फक्त बॅक्टेरियाचं हे भोक उघडेल असं औषध शोधायचा बऱ्याच जणांचा प्रयत्न चालू आहे आणि मला तो रस्ता आशेचा वाटतो.

आता पॅच क्लॅम्पशिवाय काय करता येईल. डाउनशॉकचा, म्हणजे पेशी खारट मीडियममधून एकदम पाण्यात टाकायचा, प्रयोग करा, त्याला इन्क्युबेटर, प्लेट्स आणि पिपेट एवढंच लागतं. बूथ यांच्या गटाची एमजेएफ४६५ ही स्ट्रेन (एल, एस आणि के नावाचं तिसरं, तिन्ही काढलेली) आणि तिची मूळ फ्रॅग१ जगभरच्या लॅब्समध्ये फिरते, तुमच्या गाईडना मागवायला सांगा. नुसत्या एका जीनचा डिलीट मागवू नका, वर सांगितलं तसं एकट्यात फरक दिसत नाही. दोन्ही स्ट्रेन खारट एलबीत (एलबी म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं मीडियम) वाढवा, मीठ एकूण अर्धा मोलर, म्हणजे आधीचं धरून लिटरला साधारण २९ ग्रॅम. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.३ ते ०.५ ला असतानाच वापरा, रात्रभर वाढलेलं कल्चर वापरू नका, कारण वाढ थांबली की पेशी ही चॅनल्स जास्त बनवतात आणि वॉलही बदलते, मग मूळ स्ट्रेनशी तुलना गडबडते. मग एक भाग कल्चर वीस भाग पाण्यात, एकदम, पाणी ३७ डिग्रीला गरम करून ठेवलेलं. थेंब थेंब टाकत बसलात तर शॉक हळू बसतो आणि म्यूटंटही बऱ्यापैकी वाचतो. (हा "बिघाड" मुद्दाम करून बघा, पाणी किती वेगाने पातळ होतं यावर जगणं-मरणं ठरतं हे त्यातून स्वतःलाच दिसेल.) दहा-पंधरा मिनिटांनी दहा-दहा पट डायल्यूट करून प्लेट करा आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजा.

कंट्रोलकडे जास्त लक्ष द्या. शॉक न दिलेल्या पेशी शेवटपर्यंत त्याच खारट मीडियममध्ये डायल्यूट करायच्या आणि खारट प्लेटवरच टाकायच्या. साध्या सलाइनमध्ये डायल्यूट केल्या किंवा साध्या एलबी प्लेटवर टाकल्या तर त्यांनाही तिथेच शॉक बसतो, म्यूटंट कंट्रोलमध्येच मरतो आणि शॉक दिला-न दिला सारखंच दिसतं.